दुसऱ्या लाईनवरची सही

खालापूरला ऑफिस थाटून बसलेल्या एका कंपनीने कशेळ्याच्या बाजारातल्या एक्केचाळीस दुकानदारांना फसवलं, आणि त्या फसवणुकीच्या कागदावर सही घेतली ती आमच्यातल्या सगळ्यात सरळ माणसाची. कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही, वकिलाने तसं बजावलं आहे. पण ज्याची सही घेतली त्याचं नाव लिहायला मला कुणाची परवानगी लागत नाही. मधुकर. टेलिफोन खात्यातला निवृत्त लाईनमन, माझा शाळेपासूनचा मित्र. त्याला जाऊन आता दीड महिना झाला.

बातमी आली तेव्हा मी साजगावला एका कारखान्याच्या गेटवर होतो. कारखान्यातून निघालेल्या पत्र्यांचा लॉट बघत होतो आणि भाव चालला होता. सकाळी दहाचा सुमार. फोन वाजला, मधुकरच्या बायकोचा, रंजनावहिनींचा. त्या एवढंच म्हणाल्या, “भाऊजी, हे गेले.” मी “येतो” म्हणालो, फोन खिशात टाकला आणि भाव पुरा केला. समोरच्याला काही कळलंही नाही. पत्रे टेंपोत भरून घेतले, दोरी आवळली, पावती घेतली, आणि स्टिअरिंगवर बसून किल्ली फिरवायला गेलो तर हात पुढे जाईना... गेटवरचा वॉचमन दोनदा येऊन सांगून गेला, शेठ, गाडी हलवा, मागे ट्रक थांबलाय. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याच्यावर मी असा ओरडलो की तो बिचारा मागेच सरला. मग निघालो. साजगावहून कशेळ्यापर्यंत काय रस्ता केला, मला आठवत नाही.

मी रागीट माणूस आहे, हे बाजारात सगळ्यांना माहीत आहे. आठवडी बाजारात गोणपाटावर विळे, दोर आणि खिळे मांडून मी धंदा सुरू केला. आज खत, पाईप, पत्रे, लोखंड असं चार गाळ्यांचं दुकान आहे. यातलं काहीही कुणी मला फुकट दिलं नाही, म्हणून मीही कुणाला फुकट सोडत नाही. मधुकरचं वेगळं होतं. तो बौद्धवाडीतला, बाप दुसऱ्याच्या शेतावर राबणारा. दहावी झाल्याबरोबर टेलिफोन खात्यात चिकटला आणि खांद्यावर तारेचं भेंडोळं घेऊन सायकलने हिंडायला लागला. बाजाराच्या दिवशी माझ्या गोणपाटाशेजारच्या खांबावर चढायचा आणि वरून सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडायचा, “बाळ्या, वरून समदं दिसतंय रं, तराजूत बोट घालतोस!” मी खालून शिव्या द्यायचो. गिऱ्हाईकं हसायची आणि हसता हसता माल घ्यायची. त्याच्या त्या ओरडण्याने माझा धंदा वाढला, हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

त्याची एक पद्धत होती. लाईन बंद पडली की कर्जतच्या ऑफिसातून यंत्रावर बघून सांगायचे, बिघाड अमक्या अंतरावर आहे, थेट तिथे जा. मधुकर कधीच थेट गेला नाही. तो पहिल्या खांबापासून चालत निघायचा. प्रत्येक खांबाला हात लावायचा, वर बघायचा, पुढे जायचा. याला ते लोक लाईन चालणं म्हणायचे. बाकीच्यांनी पुढे हे सोडून दिलं, याने सोडलं नाही. मी एकदा चिडवलं, म्हटलं, सरकार तुला पायांचा पगार देतं का डोक्याचा? तर म्हणाला, “कागद ऑफिसात बसून लिवलेला असतो, बाळ्या. तार रानात असते. मी तारेचा नोकर हाय.”

पुढे घरोघरचे टेलिफोन गेले, तारा गेल्या, आणि खात्याने माणसं कमी केली तेव्हा मधुकर वेळेआधी घरी आला. मला वाटलं, आता हा भातशेती करणार आणि पारावर बसणार. पण त्याच्या डोक्यात काही वेगळंच चालू होतं, आणि ते सुरू झालं आमच्या चिठ्ठ्यांपासून.

आमच्या बाजाराचा निम्मा धंदा वरच्या वाड्यांवर चालतो. डोंगरातली माणसं रोज खाली येत नाहीत. ती काय हवं ते चिठ्ठीवर लिहून जीपवाल्याच्या हातात देतात. जीपवाला सकाळी चिठ्ठ्या आणतो, दुकानादुकानांत वाटतो, आणि संध्याकाळच्या फेरीला माल वर नेतो. किती वर्षं हे चाललं आहे कुणास ठाऊक. पण जीप यायची दहाला, चिठ्ठी हातात पडायची अकराला, तोवर माल कर्जतहून मागवायची वेळ गेलेली असायची. मधुकरने पांडू जीपवाल्याला गाठलं. वाडीवरून उतरताना एका वळणावर मोबाईलला रेंज मिळते, त्या वळणावर जीप दोन मिनिटं थांबवायची, चिठ्ठ्यांचे फोटो काढायचे आणि ज्याच्या त्याच्या दुकानाला पाठवून द्यायचे. पांडू म्हणाला, “मामा, मी डायवर हाय का पोस्टमन?” मधुकर म्हणाला, “तू डायवरच हायस, पण तुझी जीप आता माझी तार हाय.” आठवड्याभरात आठ दुकानं फोटोवर माल काढायला लागली. जीप येईपर्यंत पिशव्या भरून तयार. मी नवव्या दिवशी सामील झालो, कारण माझी दोन गिऱ्हाईकं शेजारच्या दुकानात गेलेली मला दिसली.

तिथून पुढे तीन वर्षांत त्याने बाजार बदलला. व्यापारी मंडळाचा अध्यक्ष मी होतो आणि आहे. खुर्ची माझी, पण माणसं त्याच्यामागे जायची. दुपारी एक ते चार बाजार झोपतो, त्या वेळात तो एकेका दुकानात जाऊन बसायचा. मोबाईलवर बिल कसं करायचं, शिल्लक माल कसा बघायचा, फार्महाऊसवाल्यांच्या शनिवार-रविवारच्या ऑर्डरी आधीच कशा घ्यायच्या. न चिडता, एकच गोष्ट दहा वेळा सांगायचा. मालकाला शिकवून तो थांबत नसे. म्हणायचा, दुकानात आणखी एका माणसाला आलं पाहिजे. त्यामुळे बाजारातल्या बायका शिकल्या, आणि खरं सांगायचं तर आमच्यापेक्षा लवकर शिकल्या. त्याचा आणखी एक हट्ट होता. बिलाचं मशीन आलं तरी पहिलं वर्षभर वही बंद करायची नाही. याच्यावर मी त्याच्याशी भांडलो. दोन-दोनदा लिहायचं तर मशीन कशाला? मी माझ्या वह्या उचलून माळ्यावर टाकल्या. पिठाची गिरणी चालवणारी शेवंतामावशी मात्र मशीनवर बोट दाबायची आणि शेजारी पेन्सिलीने वहीतही लिहायची.

हे सगळं मोबाईलच्या रेंजवर चाललं होतं, आणि कशेळ्याची रेंज म्हणजे ढग आले की गेली. त्यात खताच्या विक्रीला मशीनवर शेतकऱ्याचा अंगठा लागायला लागला. रेशनला तर आधीपासूनच अंगठा. नेट नाही तर अंगठा नाही, अंगठा नाही तर माल नाही. तेव्हा मधुकर म्हणाला, बाजाराने मिळून स्वतःची केबल आणावी, फायबरची. आणि एक नाही, दोन लाईन आणाव्या. एक कर्जतकडून, दुसरी मुरबाडकडून. “एका बाजूला रस्ता खणला, तर दुसऱ्या बाजूनं बाजार चालू ऱ्हायला पायजे. एकाच लाईनवर समदी दुकानं टांगायची तर तुमी चिठ्ठ्याच घ्या, त्या बऱ्या.” त्याने मंडळाच्या बैठकीत हे सांगितलं तेव्हा कुणी वाद घातला नाही. त्याचं ऐकायची सवय झाली होती.

खालापूरची ती कंपनी आली ती अशी. लाईन टाकणं, प्रत्येक दुकानात मशीन बसवणं, बिघाड दुरुस्त करणं, सगळं त्यांच्याकडे. त्यांचा साहेब लॅपटॉप उघडून नकाशा दाखवायचा. दर ठरवायचं काम माझ्याकडे होतं, कारण भाव करण्यात माझा हात धरणारा बाजारात कुणी नाही. तीन बैठकांत मी त्याला बराच खाली आणला. तो घाम पुसायचा, फोन करायला बाहेर जायचा, परत यायचा. चौथ्या बैठकीत मी म्हणालो, आणखी एवढे कमी करा, नाहीतर उठा. तो म्हणाला, “ठीक आहे.” तेव्हाच्या तेव्हा. बाहेर गेला नाही, फोन केला नाही. सगळ्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली... इतकी वर्षं मी भाव करतो आहे. समोरचा एकदम हो म्हणाला की दर बघायचा नसतो, माल उघडून बघायचा असतो. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण त्या दिवशी मी जिंकलो होतो, आणि जिंकलेल्या माणसाला माल उघडावासा वाटत नाही.

दसऱ्याला उद्घाटन ठरवलं. पाहुणे ठरले, मांडव ठरला, पत्रिका छापल्या. उद्घाटनाच्या चार दिवस आधी कंपनीने काम पूर्ण झाल्याचा कागद आणला. दोन्ही लाईन तपासल्या, दोन्ही ठीक आहेत, असं लिहिलेलं, आणि खाली मंडळाच्या वतीने जाणकार माणसाची सही. जाणकार म्हणजे मधुकर, दुसरा कोण? कर्जतकडची लाईन त्याने बुजवलेल्या चराच्या कडेने चालून पाहिली होती. मुरबाडकडची चालायची होती, आणि नेमका त्याच वेळी त्याचा पाय. त्याला साखर होती. उजव्या पायाच्या अंगठ्याची जखम चिघळली होती, डॉक्टरने चालायला बंदी केली होती. तरी तो गेला. बाजारात केबल खांबांवरून येते, पुढे चरात उतरते. मुरबाडच्या बाजूने तो चार खांब चालला आणि परत माझ्या दुकानात येऊन बसला. म्हणाला, “चार खांब बघितले. तिकडूनच येतेय असं दिसतंय. पण दोन दिवस दे, बाळ्या. पायाची सूज जरा उतरू दे. पुढं चालून येतो, मग सही करतो.”

त्या वेळी मी काय बोललो ते लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. मी म्हणालो, “मध्या, खांब मोजायचे दिवस गेले रं. त्यांच्या पडद्यावर दोन्ही लाईन हिरव्या दिसतायत. तू काय तुझ्या पायानं त्याच्यापेक्षा जास्त बघणार हायस? पाहुणे ठरलेत, बाजारात माझी इज्जत जाईल. कर सही.” त्याने कागद जवळ ओढला. मग म्हणाला, “तू सांगतोस म्हणून.” आणि सही केली.

उद्घाटन झालं. फोटो निघाले. नऊ महिने सगळं छान चाललं, हे मला सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल पहिल्यापासूनच फसलं होतं. नऊ महिने बाजार असा चालला की खोपोलीचे व्यापारी बघायला आले. मधुकर त्यांना प्रत्येक दुकानात घेऊन हिंडायचा. त्याच्या चेहऱ्यावर मी तेवढं तेज पुन्हा पाहिलं नाही.

मग आषाढ संपता संपता एक दिवस सगळ्या दुकानांतल्या मशीनवरचे लाईनचे दिवे लाल झाले. लागवडी झालेल्या, शेतकऱ्यांना युरिया हवा. माझ्या दुकानात पोती छताला टेकलेली, आणि मशीन अंगठा घेईना, म्हणून एकही पोतं बाहेर काढता येईना. रेशन दुकानासमोर वाडीवरच्या बायका भिंतीला टेकून बसलेल्या. एक लाईन गेली तर दुसरीने चालायला हवं होतं, पण दोन्ही लाल. मधुकरने पायाला प्लॅस्टिकची पिशवी बांधली आणि पावसात निघाला. मी मोटारसायकलवर त्याच्या मागे. किती वेळा म्हटलं बस मागे, बसला नाही. पहिल्या खांबापासून चालत गेला. कर्जतच्या बाजूला रस्त्याखालच्या एका मोरीजवळ पाण्याच्या पाईपसाठी जेसीबीने चर खणला होता. मधुकर त्यात उतरला, चिखलात हात घालून त्याने एक तुटलेलं टोक काढलं. मग दुसरं. दोन केबली, एकीवर निळी रेघ, एकीवर नारिंगी. दोन्ही एकाच चरात. तो दोन्ही टोकं हातात धरून उभा राहिला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “बाळ्या, दोन्ही हितंच हायेत.”

तिथून तो परत फिरला, बाजार ओलांडून मुरबाडच्या बाजूला गेला, आणि या वेळी चार खांबांवर थांबला नाही. पाचव्या खांबावरून केबल खाली उतरली होती, रस्ता ओलांडून पलीकडच्या चरात शिरली होती, आणि उलटी कर्जतकडे निघाली होती. मुरबाडकडून काहीच येत नव्हतं. कर्जतहूनच दोन केबली एका चरातून आणल्या होत्या, आणि एक बाजाराच्या पलीकडे नेऊन, वळवून, मुरबाडच्या बाजूने आत घेतली होती. दाखवायला. पाचवा खांब... त्या दसऱ्याला त्याने आणखी एक खांब चालला असता तर सगळं उघडं पडलं असतं. त्याने खांबाला हात लावला. मला वाटलं शिव्या देईल. त्याने खाली बसून पायाची पिशवी सोडली, आतलं पाणी ओतलं आणि पुन्हा बांधली.

अकरा दिवस बाजार बंद पडल्यासारखा होता. कंपनी म्हणे, चर खणणाऱ्या ठेकेदाराकडून भरून घ्या. ठेकेदार म्हणे, त्या कंपनीला चर मारायची परवानगीच नव्हती. वाडीवरची माणसं जीपचं भाडं भरून येत होती आणि रिकामी पिशवी घेऊन परत जात होती. ज्यांनी वह्या चालू ठेवल्या होत्या ती चार-पाच दुकानं तेवढी नीट चालली. शेवंतामावशी गिरणीच्या दारातून मला ऐकवायची, “काय झालं शेठ तुमच्या मशिनीला? माझी पेन्सिल चालू हाय, पायजे का उसनी?”

बाराव्या दिवशी मंडळाची बैठक झाली, ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये. किराणावाला सुरेश उठला. त्याचा माल सडला होता, गिऱ्हाईक गेलं होतं, त्याचा राग मी समजू शकतो. पण तो कंपनीवर बोलला नाही. तो म्हणाला, “चार खांब दिसले आणि पाचवा नाय दिसला? लाईनमनला? का दिसूनबी नाय दिसला? किती कमिशन रं मधुकर?” हॉलमध्ये दोघे-तिघे हसले. हा शब्द आमच्यातल्या दुसऱ्या कुणाबद्दल इतक्या सहज निघाला नसता, हे मला माहीत आहे, आणि तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. मधुकर उभा राहिला. म्हणाला, “सही माझी हाय. चार खांब चाललो, पाचवा नाय चाललो. चुकलं माझं.” आणि बसला. एवढंच. माझं नाव त्याने घेतलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर मी बोललो असतो, असं मी स्वतःला सांगत असतो. मी अध्यक्षाच्या खुर्चीत बसलो होतो. वॉचमनवर ओरडणारा, साहेबाला घाम फोडणारा मी, त्या दिवशी पुढचा विषय घ्या म्हणालो.

त्यानंतर मधुकर बाजारात आला नाही. दुपारच्या शिकवण्या संपल्या. फायबर पुन्हा जोडलं गेलं, पण निम्म्या दुकानांनी मशीनवर कापड टाकून वह्या काढल्या आणि बाकीचे आपापल्या मोबाईलवर जमेल तसं करत राहिले. नवीन काही शिकायचं म्हटलं की एकच उत्तर मिळतं, मागच्या वेळी काय झालं माहीत हाय ना? फार्महाऊसवाल्यांच्या ऑर्डरी आता एक्सप्रेसवेच्या बाजूने येणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या टेंपोंनी जातात. ते टेंपो आमच्या बाजारातून न थांबता पुढे जातात. ज्या बदलासाठी मधुकर आम्हाला तयार करत होता तो आला, आणि आम्ही तयार नाही. कारण तयार करणाऱ्या माणसाला आम्ही घरी बसवलं. यंत्र कुणीही विकतं. पावसात पहिल्या खांबापासून चालत निघणारा माणूस कुठल्या दुकानात मिळतो, मला तरी माहीत नाही.

मार्गशीर्षात त्याला शेवटचा भेटलो. ओटीवर बसला होता, पाय स्टुलावर, पट्टी गुडघ्याच्या जवळ आलेली. मी म्हणालो, मी त्या कंपनीवर केस टाकतो, सोडत नाही. तो म्हणाला, “सही माझी हाय. तू कशाला भांडतोस?”

“मग काय, गप बसू?”

“तू गप बसलेलाच हायस की, बाळ्या.”

आवाज चढवून नाही, अगदी सहज बोलला. मग हसला आणि आत बघून म्हणाला, “अगं रंजना, शेठ आलेत, च्या टाक गं, साखर घालून. त्याला तरी साखर नाय.” आम्ही चहा प्यायलो. पावसाचं, भाताचं काय काय बोललो. निघताना मला त्याला काही सांगायचं होतं. म्हटलं पुढच्या वेळी सांगू... पौषात तो गेला. डॉक्टरांच्या कागदावर साखर लिहिली आहे. त्या कागदाला मी हरकत घेत नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, माणसं जेवून पांगली, आणि रंजनावहिनींनी मला आत बोलावून एक फाईल हातात दिली. “भाऊजी, हे तुमीच बघा. मला वाचवत नाय.” त्यात त्याने कंपनीला पाठवलेल्या सात पत्रांच्या नकला होत्या. कर्जतच्या पोस्टातून रजिस्टर केलेली, पावत्या टाचलेल्या. प्रत्येक पत्रात जवळजवळ तेच. मुरबाड बाजूची पाहणी मी चार खांबांपर्यंतच केली होती, पुढील पाहणी न करता सही केली, ही चूक सर्वस्वी माझी आहे, तरी सदर कागदावरील माझी सही रद्द समजावी, आणि दुसरी लाईन टाकल्याची नोंद कुणी केली ते कळवावे. सात पत्रांत माझं नाव कुठेच नाही. कुणी घाई केली, कुणी पाहुणे ठरवले, कुणी म्हटलं कर सही, काहीच नाही. सर्वस्वी माझी. सातव्या पत्राला उत्तर आलेलं होतं, तीन ओळींचं. काम आपल्याच अधिकृत प्रतिनिधीने तपासून मान्य केले असल्याने प्रकरण बंद करण्यात येत आहे.

ती फाईल घेऊन मी मंडळाची बैठक बोलावली आणि सातही पत्रं वाचून दाखवली. मग दसऱ्याच्या आधी माझ्या दुकानात काय झालं तेही सांगितलं. सुरेश मान खाली घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, “मग तवाच का नाय बोललास, बाळाराम?” मी म्हणालो, घाबरलो. खुर्ची जाईल म्हणून घाबरलो. सुरेशने उठून पंखा बंद केला आणि सगळे घरी गेले.

इथेच थांबलो असतो. पण मागच्या आठवड्यात मला दुसऱ्या एका तालुक्यातल्या बाजाराच्या अध्यक्षाचा फोन आला. ही कंपनी त्यांच्याकडे आली आहे. तोच नकाशा, त्याच दोन लाईन. आणि काम चोख असतं याचा पुरावा म्हणून त्यांना कशेळ्याचा कागद दाखवला जातो आहे, मधुकरच्या सहीसकट. तो गृहस्थ मला म्हणाला, “तुमच्याकडच्या जुन्या लाईनमनने पास केलंय म्हणे, म्हणजे बघायला नको.”

तेव्हा खालापूरच्या ऑफिसातल्या साहेबांना मी हे उघड विचारतो. ज्या माणसाने आपली सही परत मागण्यासाठी सात पत्रं लिहिली, त्याची सही तुम्ही तो गेल्यावरही बाजारोबाजार का फिरवता? जी लाईन मुरबाडकडून कधी आलीच नाही, ती ‘पूर्ण’ असं कागदावर कुणी लिहिलं? केबल पाचव्या खांबावरून वळवून घ्यायला कुणी सांगितलं? वायरमनच्या अंगावर ढकलू नका, मला वरचं नाव हवं आहे. तीन ओळींचं पत्र नको. कशेळ्याला या, बाजाराच्या दिवशी या, एक्केचाळीस दुकानदार आणि रंजनावहिनी यांच्यासमोर उभे राहा आणि ते नाव सांगा. माझ्या वाटणीचं मी वर लिहिलं आहे, खाली माझीही सही केली आहे. तुमच्या वाटणीचं उत्तर कोण देणार?

— बाळाराम, कशेळे